नाथसागरावर शिडे का नसावीत?

फ्रान्सच्या उत्तर टोकाशी असलेले लील हे शहर एके काळी कापडाच्या गिरण्यांसाठी आणि आसपासच्या कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध होते; त्याला किनारा नाही, आणि समुद्राचे दर्शन घ्यावयाचे तर तेथील रहिवाशाला गाडीत बसून दुसऱ्या गावी जावे लागते. अशा या शहरातील ‘एडेक’ नामक वाणिज्य महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १९६९ साली शिडांच्या नौकांची एक शर्यत भरविली, आणि पुढच्या अर्धशतकात तिचा विस्तार इतका झाला की आज युरोपातील विद्यार्थ्यांच्या सर्वांत मोठ्या क्रीडामेळाव्यांमध्ये तिची गणना होते व देशोदेशींची विद्यापीठे आपापले चमू तेथे पाठवितात. पॅरिसच्या परिसरातील एकोल पॉलितेक्निक ही अभियांत्रिकीची नामांकित संस्थाही समुद्रापासून दूरच. पण १९७९ पासून चालत आलेल्या विद्यार्थ्यांच्या जागतिक नौकाशर्यतीची व्यवस्था तिचेच विद्यार्थी पाहतात. या दोन्ही स्पर्धांची खरी नवलाई नौकांच्या संख्येत नाही, समुद्राच्या निळाईत तर नाहीच नाही. वर्गणी गोळा करणे, धनिकांचे उंबरठे झिजविणे, नौका भाड्याने ठरविणे, बंदराच्या अधिकाऱ्यांकडून परवाने मिळविणे, शेकडो पाहुण्यांच्या राहण्याजेवणाचा बंदोबस्त करणे आणि शेवटी हिशेब चुकता करणे, ही सर्व कामे विशीतील मुले-मुली करतात आणि वर्ष संपताच दप्तर पुढच्या तुकडीच्या स्वाधीन करून मोकळी होतात, हे त्यांतले लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्याकडे स्नेहसंमेलनाच्या मंडपाचे बिल मंजूर करून घेण्यातच विद्यार्थी-प्रतिनिधीची कारकीर्द संपते, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.

ज्यांनी ही शर्यत कधी पाहिली नसेल त्यांच्यासाठी तिचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण धावण्याच्या किंवा पोहण्याच्या शर्यतीवरून तिची कल्पना येत नाही. पाण्यात दोन खुणा मांडून त्यांच्या दरम्यान एक काल्पनिक रेषा धरलेली असते. शर्यत सुटण्यास पाच मिनिटे उरली असता पहिला इशारा होतो, चार उरली असता दुसरा, एक उरली असता तिसरा, आणि या अवधीत सर्व नौका रेषेच्या अलीकडे घिरट्या घालीत राहतात, कारण पाण्यावर घोड्याप्रमाणे लगाम खेचून उभे राहण्याची सोय नसते. सुटण्याच्या इशाऱ्यापूर्वी ज्याची नाळ रेषेपलीकडे गेली त्याला मागे फिरून पुन्हा यावे लागते. पहिली खूण बहुधा ज्या दिशेने वारा येतो त्याच दिशेला मांडलेली असते, आणि कोणतीही शिडाची नौका थेट वाऱ्याच्या तोंडात शिरू शकत नाही. म्हणून सुकाणूवाला नौका वाऱ्याच्या एका अंगाने तिरकस नेतो, मग झटक्यात वळवून दुसऱ्या अंगाने नेतो, आणि अशा नागमोडी वाटेने वाऱ्याच्याच बळावर वाऱ्याच्या उगमाकडे सरकत राहतो. वारा वाहील तशी पाठ द्यावी, या आपल्याकडील पिढीजात व्यवहारज्ञानाला या खेळात काडीचीही किंमत नाही. दोन नौका समोरासमोर आल्या तर उजव्या अंगावर वारा घेणारीला डाव्या अंगावर वारा घेणारीने वाट द्यावी असा नेम आहे, आणि तो मोडल्यास पंचाच्या शिट्टीची वाट न पाहता ज्याचा कसूर त्यानेच जागच्या जागी दोन पूर्ण गिरक्या घेऊन शिक्षा भोगून टाकावी अशी प्रथा आहे. गुणांची रीतही उफराटी आहे: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, आणि अनेक शर्यतींची बेरीज करून, त्यांतली आपली सर्वांत वाईट शर्यत वगळून, ज्याचे गुण सर्वांत कमी तो विजयी. सर्वांना एकाच बांधणीच्या नौका दिलेल्या असल्यामुळे धनवान विद्यापीठाला आपल्या तिजोरीचा फायदा निदान त्या दिवसापुरता तरी घेता येत नाही.

हे सर्व दूरदेशीचे झाले. पण विद्यार्थ्यांनी पाण्यावर उत्सव मांडण्याची परंपरा महाराष्ट्राला अगदीच अपरिचित आहे असे नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब आणि त्याचा वार्षिक ‘रेगाटा’ यांचा आरंभ १९२८ सालापर्यंत मागे नेला जातो, आणि संगमालगतच्या त्या पाण्यात बाणाच्या आकाराने चालणाऱ्या वल्ह्यांच्या नौका पाहण्यासाठी पुणेकर आजही काठावर दाटी करतात. त्या पाण्याला अलीकडे जलपर्णीने आणि मैलापाण्याने जी अवकळा आणली ती विद्यार्थ्यांच्या हातची नव्हे. नाशिकच्या के. टी. एच. एम. महाविद्यालयाचा बोट क्लब तर आपल्याच गोदावरीवर आहे. ही दोन्ही उदाहरणे वल्ह्यांची आहेत, शिडांची नाहीत, आणि या दोहोंत मोठे अंतर आहे. परंतु महाविद्यालयाच्या हजेरीपटावरील मुलगा जीवरक्षक जाकीट अंगात घालून नदीत उतरतो आणि संस्था त्याची जबाबदारी पत्करते, एवढी मूळ गोष्ट दोन्ही ठिकाणी सिद्ध झालेली आहे. तीच गोदावरी नाशिक सोडून पैठणास येते, तेथे जायकवाडी धरणामागे नाथसागराचे विशाल रूप धारण करते, पुढे अंबड, घनसावंगी आणि परतूर या तालुक्यांच्या सीमेवरून वाहत जाते, आणि या संपूर्ण प्रवाहात जालना जिल्ह्यातील एकाही विद्यार्थ्याचा तिच्याशी खेळापुरता तरी संबंध येत नाही, ही माझी तक्रार आहे.

जालन्यात राहून असे काही लिहिणे म्हणजे वाचकांच्या उपहासाला आमंत्रण देणे होय, याची जाणीव मला आहे. आपल्या जिल्ह्यात पाण्याची भाषा गेली कित्येक वर्षे एकाच व्याकरणाने चाललेली आहे: धरण किती टक्के भरले, वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून किती सोडले, डाव्या कालव्याचे आवर्तन कोणत्या तारखेला सुटणार, आणि शहरातील नळाला कितव्या दिवशी पाणी येणार. समन्यायी पाणीवाटपासंबंधीचा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २०१४ सालचा हुकूम आपल्याकडील शाळकरी मुलालाही ऐकून ठाऊक असेल. पण त्याच मुलाला नाथसागर प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलास काय, असे विचारले तर बहुधा तो नाहीच म्हणेल. २०१२-१३ चा दुष्काळ विसरण्याजोगा नाही. या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा ज्यांनी पोटच्या पोरांसारख्या वाढविल्या त्यांनीच त्या वर्षी कुऱ्हाड हाती घेतली, आणि गावोगाव टँकरभोवती घागरींची रांग पहाटेपासून लागली. ज्या मातीने हे भोगले तिच्या लेकरांना शिडांच्या शर्यती दाखविणे म्हणजे उपाशी माणसासमोर पक्वान्नांची यादी वाचणे आहे, असा आक्षेप कोणी घेतला तर त्याला हसून टाळता येणार नाही. त्यात दुःख आहे आणि दुःखापुरते सत्यही आहे.

तरीही त्या आक्षेपाची थोडी चिकित्सा केली पाहिजे. शिडाची होडी पाणी पीत नाही, सांडीत नाही, नासवीत नाही. तिला इंजिन नाही, म्हणून तेलाचा थेंबही ती पाण्यावर सोडीत नाही. तेव्हा पाण्याच्या वाटणीच्या हिशेबात तिचा वाटा शून्य धरावा लागेल. आक्षेपाचे दुसरे अंग असे की हा चैनीचा खेळ आहे, आणि येथे मात्र इतिहास आक्षेपकाच्या बाजूने साक्ष देतो. मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा, त्याच्या आरंभीच्या सभासदांची नावे साहेबांची, आणि स्वातंत्र्यानंतरही हा खेळ बराच काळ मुंबईतील काही सधन घराण्यांच्या आणि सैन्यदलांच्या वर्तुळातच फिरत राहिला. १९८२ च्या आशियाई स्पर्धांत शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ वर्गात सुवर्णपदक मिळविले, तेव्हा मराठवाड्यातील वृत्तपत्रवाचकाने ती बातमी परदेशची असल्यासारखी वाचली असेल. परंतु एखादी गोष्ट आजवर श्रीमंतांकडे राहिली, म्हणून ती तशीच राहावी, हा न्याय आपण शिक्षणाला लावला नाही. मग खेळाला तरी का लावावा?

शिवाय आपली मुले पाण्यावर जात नाहीत, ही समजूतही खरी नाही. ती जातात, फक्त त्यांच्या जाण्याला कोणी खेळ म्हणत नाही आणि शिक्षणही देत नाही. नाथसागराच्या फुगवट्यावरील गंगापूर तालुक्यातील भिव धानोरा या गावची लहान मुले थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून, हातानेच पाणी मागे सारीत शाळेला जातात, ही हकिगत २०२३ साली वृत्तपत्रांतून सर्वत्र झाली आणि चार दिवस सर्वांनी हळहळ व्यक्त केली. गोदाकाठचा मच्छीमार चप्पूवरून जाळी टाकतो, तोही थर्माकोलचाच, त्याच्या अंगात जाकीट नसते, आणि वाऱ्याचा अंदाज तो बापाकडून शिकलेला असतो. उन्हाळ्याच्या सुटीत विहिरीत, शेततळ्यात, बंधाऱ्यात बुडून मेलेल्या मुलांच्या बातम्या आपल्या जिल्हापानावर इतक्या नेमाने येतात की त्यांचा मथळासुद्धा बदलत नाही. पाण्याची टंचाई असलेल्या मुलुखातील मुलाला पाणी बेताचे मिळते, पण ज्या दिवशी मिळते त्या दिवशी ते त्याला बुडविण्याइतके असते. ज्याला पोहणे येते, दोरीची गाठ येते, ढग पाहून परत फिरण्याची अक्कल येते, असा एक तरुण प्रत्येक गावी असणे ही चैन आहे काय?

आता थोडे मागे, दोन हजार वर्षे मागे, जाण्याची परवानगी वाचकांनी द्यावी. मराठवाड्याचा आणि शिडाचा संबंध नाही असे जे आपण गृहीत धरतो त्याची झडती तेथेच घेता येते. आपल्या जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत या गावाचे नाव येते. नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी १९७३ साली येथे उत्खनन केले तेव्हा सातवाहनकालीन अवशेषांबरोबर हस्तिदंताची एक स्त्रीप्रतिमा हाती लागली, आणि तिचे साम्य इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती प्रतिमेशी इतके निकटचे ठरले की पाँपेईची ती प्रतिमा भोकरदनच्याच परिसरात कोरली गेली असावी, असे मत काही विद्वानांनी मांडले. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हिअसच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे त्यापूर्वीच ती मूर्ती दख्खनमधून निघून, पैठणचा माल ज्या वाटेने भडोचच्या बंदरी जाई त्याच वाटेने बहुधा बैलगाडीतून गेली, आणि पुढे मोसमी वाऱ्यावर शीड उभारलेल्या गलबतातून पश्चिमेस पोहोचली. भोकरदनच्या उत्तरेस अजिंठ्याचे डोंगर आहेत; तेथील लेण्यांत पाचव्या शतकातील चित्रकाराने शिडाचे जहाज रंगविले, आणि त्याच चित्राच्या आधारे, लाकडी फळ्या दोरीने शिवून गोव्यात बांधलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज भारतीय नौदलाने २१ मे २०२५ रोजी कारवार येथे आपल्या ताफ्यात दाखल केले. समुद्रापासून शेकडो मैल आत बसलेल्या त्या चित्रकाराने डोलकाठ्या कोठे पाहिल्या, हा प्रश्न मला नेहमी पडतो. त्याने त्या पाहिल्या होत्या, एवढे मात्र चित्रच सांगते. अंबडची मत्स्योदरी माता ज्या टेकडीवर बसली आहे तिला माशाचा आकार आहे असे आपण म्हणतो. जलचराचे नाव देवीला देणाऱ्या मुलुखाने पाण्याला परके मानावे, यात विसंगती आहे खरी, पण देवीला या वादात ओढण्याचे कारण नाही.

इतिहासाचा पुरावा ज्यांना जुनाट वाटतो त्यांनी अलीकडचा घ्यावा. मध्यप्रदेशातील देवास जिल्हा हा जालन्यासारखाच पठारी, शेतीवर जगणारा, समुद्रापासून दूरचा प्रदेश. तेथील एका शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर हिने भोपाळच्या तलावावर, राज्य शासनाच्या आश्रयाखाली चालणाऱ्या केंद्रात, शीड हाताळण्याचे शिक्षण घेतले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये चीनमधील आशियाई स्पर्धांत ११ शर्यतींअंती, सर्वांत वाईट शर्यत वजा जाता, २७ गुण राखून रौप्यपदक मिळविले. भोपाळचा तो तलाव राजा भोजाच्या नावाने ओळखला जातो. अकराव्या शतकातील राजाने बांधलेल्या पाण्याचा असा उपयोग एकविसाव्या शतकातील शासनाने केला, हे मला त्या पदकाहून अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्या महाराष्ट्रात चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे असेच टंचाईचे गाव. तेथील दत्तू भोकनळ लष्करात जाईपर्यंत नौकेत बसला नव्हता, आणि भरती झाल्यानंतर चारच वर्षांत, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये, एकेरी नौकावल्हवणीत तो तेरावा आला. पुढे २०१८ च्या आशियाई स्पर्धांत चौघांच्या चमूतून त्याला सुवर्णपदक लाभले. दत्तूला लष्कर मिळाले म्हणून हे घडले, ही गोष्ट आनंदाची तशीच विचारात पाडणारी आहे. कारण ज्याला लष्करात जावयाचे नाही, ज्याला शिकून शिक्षक, अभियंता अथवा बियाण्यांचा संशोधक व्हावयाचे आहे, त्या मुलाने कोणाकडे पाहावे?

येथे हैदराबादचे नाव घेणे भाग आहे. १९५६ पर्यंत जालन्याचा कारभार ज्या राजधानीतून चालत असे तिच्या मध्यभागी कुतुबशाही काळातील हुसेनसागर आहे, आणि त्या सोळाव्या शतकातील तलावावर आज दर वर्षी जुलैच्या सुमारास राष्ट्रीय दर्जाच्या शिडांच्या शर्यती होतात. लष्कराच्या ‘ईएमई’ संस्थेने तेथे पाया घातला आणि २००९ मध्ये स्थापन झालेल्या यॉट क्लबने गरीब वस्त्यांतील मुलामुलींना होड्यांत बसविले. जुलैच का, याचे उत्तर वाऱ्यात आहे. दख्खनच्या पठारावर मृगापासून मघापर्यंत पश्चिमेचा वारा असा सलग आणि भरवशाचा वाहतो की समुद्रावरच्या खलाशानेही त्याचा हेवा करावा. बाजरीची रोपे ज्याने एका बाजूला कलतात आणि पत्र्याच्या छपरावर ज्याच्यामुळे दगड ठेवावे लागतात तोच हा वारा. भोपाळला तलाव आहे, हैदराबादला तलाव आहे, आणि आपल्याला जे आहे ते या दोहोंच्या कितीतरी पट मोठे आहे.

नाथसागराचा विस्तार सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर आहे. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली जायकवाडीची कोनशिला बसविली, इंदिरा गांधींनी १९७६ साली धरण राष्ट्राला अर्पण केले, आणि तेव्हापासून सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या बांधामागे हे पाणी उभे आहे. त्यात एक अडचण आहे, ती लपविण्यात अर्थ नाही: ज्या महिन्यांत वारा उत्तम असतो त्या जून-जुलैत धरण तळाला गेलेले असते, आणि भाद्रपदात पाणी काठोकाठ येते तोवर वाऱ्याचा जोर ओसरू लागतो. पण ‘तळाला गेलेले’ याचा अर्थ कोरडे असा नव्हे. जायकवाडीचा मृतसाठाच ७३८ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे २६ टीएमसी, आहे. उपयुक्त साठा शून्य टक्के असल्याचे ज्या दिवशी वृत्तपत्रात छापून येते त्या दिवशीही चार मीटर लांबीची होडी सुखाने फिरू शकेल एवढे पाणी धरणाच्या बांधालगत असते. फक्त काठ दूर जातो आणि होडी चिखलातून ओढत न्यावी लागते; भोपाळच्या मुलांना हे कष्ट पडत नाहीत, आपल्या मुलांना पडतील.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि वन्यजीव कायद्यान्वये तेथे काहीही करावयाचे तर वनखात्याचा परवाना लागतो, तो लागलाही पाहिजे. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे आणि उत्तरेकडील बदके उथळ पाण्यावर उतरतात तेव्हा तेथे शीड तर सोडाच, मोठ्या आवाजातले बोलणेही नको. परंतु वाऱ्याचे महिने आणि पाहुण्या पक्ष्यांचे महिने निसर्गानेच वेगळे ठेवलेले आहेत: शिडांचा मोसम जून ते सप्टेंबरचा, पक्ष्यांचा त्यानंतरचा. पावसाळ्यात वीण करणाऱ्या स्थानिक पक्ष्यांच्या जागा वनखात्याने आखून द्याव्यात आणि तिकडे कोणी फिरकू नये, एवढी शिस्त ज्या विद्यार्थ्यांना पाळता येणार नाही त्यांनी खुशाल काठावर बसावे. पाण्याच्या पृष्ठावर तरंगती सौर पटले बसविण्याचा प्रकल्प पुढे आला तेव्हा मच्छीमारांच्या संघटनेला न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्या वादाच्या गुणदोषांत मी शिरत नाही, पण नाथसागरावर पहिला हक्क ज्यांच्या गावठाणावर तो पसरला आणि ज्यांची चूल त्यातील मासळीवर पेटते त्यांचा आहे, हे मराठवाड्याच्या विद्यापीठाने प्रथम मान्य करावे आणि होड्यांची राखण, दुरुस्ती व बचावकार्य त्याच भोई-कहार समाजातील तरुणांकडे पगारी कामे म्हणून सोपवावे. वाऱ्याचे त्यांना जे ज्ञान आहे ते शिकविण्यासाठी मुंबईहून प्रशिक्षक आणण्याची गरज नाही; नियमांचे ज्ञान तेवढे आणावे लागेल.

जिल्ह्याच्या हद्दीत नाथसागराहून लहान पाणी आहे, आणि आरंभ तेथेच व्हावा असे मला वाटते. जालन्याच्या उशाला घाणेवाडीचा निजामकालीन तलाव आहे, संत गाडगेबाबांचे नाव त्याला दिलेले आहे. शहरात मोती तलाव आहे, तो मलिक अंबरच्या काळी जमशेदखानाने बांधविला आणि त्यातून जमिनीखालच्या नळांनी गावाला पाणी पुरविले, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरात आढळते. घनसावंगी तालुक्यात गोदावरीवर जोगलादेवीचा बंधारा आहे, त्यामागे पाण्याचा लांबलचक पट्टा तुंबतो. पिण्याच्या पाण्याच्या तलावात मुलांना उतरविणे योग्य की अयोग्य, याबद्दल मतभेद होईल आणि तो व्हावा. बंधाऱ्याबद्दल मात्र तसा प्रश्न नाही. ‘ऑप्टिमिस्ट’ ही सुमारे सव्वादोन मीटरांची पेटीवजा होडी १९४७ साली अमेरिकेत लहान मुलांसाठी आखली गेली आणि आज जगभर तिच्यावरच पहिले धडे गिरविले जातात. तिला एकच शीड, एकच सुकाणू, आणि ती उलटली तर सरळ कशी करावी हा पहिला पाठ. महाविद्यालयीन वयाच्या मुलांना एकट्याने चालवावयाची ‘लेझर’ लागते, ती नवी घ्यावयाची तर एका ट्रॅक्टरच्या घरात किंमत जाते. वापरलेली बरीच स्वस्त पडते. चार-सहा होड्या आणि एक बचावनौका, एवढ्या भांडवलावर वर्ग सुरू होतो, आणि ज्या जालन्यात पोलादाचे कारखाने आणि बियाण्यांच्या कंपन्या आपल्या नफ्याचा ठराविक हिस्सा सामाजिक कामावर खर्च करण्यास कायद्याने बांधलेल्या आहेत त्या जालन्याने पैशाअभावी घोडे अडले असे म्हणू नये. ‘जालना सोने का पालना’ असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो; पाळण्याच्या दोरीपैकी थोडी शिडाला मिळाली तर कोणाचे काही जात नाही.

शासनाकडे बोट दाखविण्याआधी विद्यापीठाने आपल्या हातचे करावे. २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र आज छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव या चार जिल्ह्यांचे आहे आणि या चारांपैकी तिघांना गोदावरी स्पर्श करते. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांमध्ये २०२३ साली प्रथमच वल्ह्यांच्या शर्यतींचा समावेश झाला व त्या गोरखपूरच्या रामगढ तालावर भरल्या. अर्थात केंद्राच्या दृष्टीनेही पाण्यावरचा खेळ आता विद्यापीठांच्या कक्षेत आला आहे. राष्ट्रीय छात्रसेनेची नौदल शाखा नागपूरसारख्या समुद्र नसलेल्या शहरात चालते, तेथील छात्र होड्यांवर शिकतात. मराठवाड्यासाठी तशी शाखा मागणे हे विद्यापीठाचे काम आहे, आणि असे मागणे मागण्यास केवळ एक पत्र लागते. मुलींबाबत कुरकुर होईल, ती आधीच ऐकून ठेवावी. नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यापूर्वी २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’मधून एकट्याने तशी प्रदक्षिणा करून पहिला भारतीय होण्याचा मान मिळविला होता. मराठी माणसाने केले म्हणून आपण दोंदे यांचा सत्कार करतो आणि मराठवाड्यातील मुलगी पोहण्याचा पोशाख घालील म्हणून तिचा अर्ज फेटाळतो, असे व्हावयाचे असेल तर हा सगळा खटाटोप न केलेला बरा.

फ्रान्सच्या त्या मेळाव्यात मराठवाड्याचा चमू कधी उतरेल, हा प्रश्न मी तूर्त विचारीत नाही. परदेशी स्पर्धेचे आमिष दाखवून योजना मंजूर करून घेण्याची जी पद्धत पडली आहे तिने अनेक क्रीडासंकुलांच्या भिंती उभ्या राहिल्या आणि आत कुलुपे लागली. पहिल्या उन्हाळ्यात मुलांनी फक्त पोहावयास शिकावे, होडीला हात लावू नये. दुसऱ्या वर्षी मृग नक्षत्रात बंधाऱ्यावर होड्या उतराव्यात, तिसऱ्या वर्षी नाथसागरावर, आणि शर्यतीची सर्व व्यवस्था, इशाऱ्यांपासून हिशेबापर्यंत, विद्यार्थ्यांनीच पाहावी. प्राध्यापकांनी बचावनौकेत बसून राहावे. विद्यापीठाचे अंदाजपत्रक मार्चच्या सुमारास अधिसभेपुढे येते, तेव्हा त्यापूर्वी कोणा एका प्राचार्याचा अर्ज क्रीडा विभागाच्या दप्तरी दाखल झाला पाहिजे. तो जालन्याहून आला, अंबडहून आला की परतूरहून, याने काही बिघडत नाही. मात्र अर्जासोबत पोहता येणाऱ्या मुलामुलींची खरी यादी जोडलेली असावी.